रुवैसची पहिली खेप

आखातातल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीत एका लोखंडी कामाच्या वर्कशॉपमध्ये मी बरीच वर्षं स्टोअरकीपर होतो. टेबल, खुर्ची, कम्प्युटर आणि डोक्यावर घरघरणारा एसी. काम वाईट नव्हतं, पण मला एका जागी बसवायचं नाही. यार्डात ट्रेलर आला की काहीतरी निमित्त काढून मी बाहेर जायचो. शिड्या, रेलिंग, प्लॅटफॉर्म असा माल चढायचा, पट्टे आवळले जायचे, आणि ट्रेलर गेटाबाहेर पडून वळला की तो दिसेनासा होईपर्यंत मी गेटाशी उभा राहायचो. तो चालला लांब रुवैसच्या तेलकारखान्यांकडे, मी चाललो कम्प्युटरपुढे.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावरचे पुरुष पूर्वी जहाजावर जायचे. अम्मी माझ्याबद्दल म्हणायची, "याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुठे टिकायचा नाही." इथे येऊन मी टिकलो, आणि तेच मला आतून खात असावं.

एकदा एक ड्रायव्हर सुट्टीवर गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच दिवशी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, त्याच्या जागी मला घ्या. मॅनेजर केरळचा, माझ्याशी हिंदीत बोलायचा.

"तू? तेरे को चेअर में क्या तकलीफ है?"

"चेअर की ही तकलीफ है, सर."

तो हसला. मी हसत नाही म्हटल्यावर खुर्चीत सरळ बसला. "पहले हेवी का लायसन निकाल. फिर देखेंगे, इन्शाल्ला." त्याच्या तोंडी इन्शाल्लाचा अर्थ बहुतेक वेळा 'हे होणार नाही' असाच असायचा.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती कांदा चिरत होती. सुरी तशीच थांबली.

"लोक स्टिअरिंग सोडून ऑफिसात शिरायला बघतात आणि तुमचं उलटं. गावी कोणी विचारलं तर काय सांगू?"

"ट्रान्सपोर्टमध्ये आहेत म्हण."

"आणि मी रात्री एकटी राहू?"

मी चिरलेला कांदा ताटात गोळा करायला लागलो. मुलीने टॅबलेटमधून मान वर न काढता सांगितलं, "बट पप्पा, यू गेट लॉस्ट इन द मॉल पार्किंग."

ट्रक पुढे चालवायला मी पटकन शिकलो. मला अडवलं ते रिव्हर्सने. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरचं शेपूट डावीकडे जातं, आणि तेही लगेच नाही. जरा वेळ काहीच होत नाही. तेवढा वेळ मला काढवायचा नाही. मी आणखी फिरवायचो, आणि मग ट्रेलर असा काही दुमडायचा की केबिन आणि तो एकमेकांकडे बघत उभे. शिकवणारा लाहोरकडचा माणूस होता. दर वेळी खिडकीवर थाप मारून ओरडायचा, "हबीबी, उसको जवाब देने का टाइम तो दे!" दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा घरी आल्यावर बायकोने आधी ताट घेतलं. जेवण वाढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता सुरू केलंय तर पूर्ण करा." तिसऱ्या टेस्टला मी स्टिअरिंग थोडं फिरवून हात मांडीखाली दाबून धरला. पास झालो.

कंपनीने मला काही आठवडे एका सीनियर ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं. पेशावरकडचा पठाण, पांढरी दाढी, मी कारकुनीतून आलो म्हणून मला 'मुन्शी' म्हणायचा. ड्रायव्हरचं निम्मं आयुष्य साइटच्या गेटाबाहेरच्या रांगेत जातं, हे मला त्याच्याबरोबर कळलं. मी चालायला म्हणून खुर्ची सोडली होती, आणि इथे पुन्हा बसणंच होतं, फक्त उंचावर. रांग लागली की पठाण सीट मागे पाडायचा, तोंडावर रुमाल घ्यायचा आणि घोरायला लागायचा. मी उतरायचो, पट्टे तपासायचो, टायरना लाथ मारून बघायचो, वर चढायचो, पुन्हा उतरायचो.

"मुन्शी," तो रुमालाखालून म्हणायचा, "तेरा माल भाग नहीं रहा. सो जा."

मला झोप यायची नाही. गुडघा आपोआप हलत राहायचा.

मग थंडीतल्या एका पहाटे मला एकट्याला सोडलं. रुवैसच्या एका साइटवर शिड्या आणि रेलिंग पोचवायचं होतं. मी पट्टे आवळले, पुन्हा सोडून पुन्हा आवळले. पठाण यार्डामागच्या खोलीतून आंघोळीला निघाला होता. खांद्यावर टॉवेल, हातात बादली. त्याने हात वर केला, "यल्ला मुन्शी, जा अब."

शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना सपाट वाळू लागली आणि मला गाणं म्हणावंसं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही. तरीफ गाव मागे टाकलं आणि समुद्राकडून धुकं आलं. आधी लांबचे दिवे विझले, मग समोरच्या गाड्या, मग रस्त्यावरचे पांढरे पट्टे. वरच्या बोर्डावर लाल अक्षरं लुकलुकत होती. धुक्यात ट्रक चालवायचा नाही, थांबायचं, हा इथला नियम. तो मला पाठ होता. कुठे थांबायचं ते दिसत नव्हतं, हीच पंचाईत. मागून कोणी येऊन आदळेल या धास्तीने मी उजवीकडे घेत गेलो, डांबर संपलं तरी आणखी थोडा घेतला, आणि हॅझर्डचे दिवे लावून थांबलो.

समोरच्या काचेपलीकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. साइटवरून फोन आला, कुठे आहेस? धुक्यात आहे. कधी येशील? धुक्याला विचारा, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. बायकोचा मेसेज आला, पोचलात का? मी फोन उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. शेवटी राहवेना, खाली उतरलो.

एक हात ट्रेलरला लावून चालायला लागलो, तर पायांचे आवाज ऐकू आले. माझे नव्हते. मी थांबलो तरी ते चालूच होते. खरखर, खरखर, जवळ येऊन लांब जायचे.

"कौन है?" मी ओरडलो.

"तू कौन है?" आवाज पंजाबी वळणाचा, माझ्याहून घाबरलेला.

"ड्रायव्हर. और आप?"

"मैं भी. अपनी गड्डी के चक्कर काट रहा हूँ."

त्याचा ट्रक माझ्या पुढेच उभा होता, आणि मला इतका वेळ पत्ता नव्हता. तो जवळ आला तेव्हा पगडीचा आकार तेवढा दिसला. मी विचारलं, झोपला नाहीत?

"बाईस साल से चला रहा हूँ," तो म्हणाला. "सब सो जाते हैं. मेरे से नहीं होता. बैठता हूँ तो लगता है कहीं से देर हो रही है. कहाँ से, पता नहीं."

कधी बरं होतं का हे, असं मला विचारायचं होतं. आम्ही दोघं त्याच्या ट्रकभोवती फेऱ्या मारत बोललो. तो गुडघ्याबद्दल, कॅनडातल्या मुलाबद्दल बोलला, आणि मी मुलीबद्दल. मग माझ्या ट्रकभोवती आलो, तेव्हा तोच आधी खाली वाकला.

"ओए, तेरे टायर तो अंदर जा रहे हैं!"

उजव्या बाजूची मागची चाकं रुतायला लागली होती. त्या बाजूला मीठ मुरलेली जमीन आहे, सबखा म्हणतात तिला. वरून पापडासारखी कडक, खाली नुसता चिखल. मी घाईने केबिनकडे धावलो, तर त्याने दंड धरला. "गॅस मत देना! और बैठ जाएगी." म्हणजे धुकं उठेपर्यंत मला काहीही करता येणार नव्हतं. चाकं खाली जाताना बघत उभं राहायचं. इतका असह्य वेळ मी नापास झालो तेव्हाही काढला नव्हता.

ऊन चढल्यावर धुकं फाटलं. आम्ही दोघांनी फावड्याने चाकांपुढचा चिखल उपसला, त्याच्याकडच्या फळ्या घातल्या, साखळी लावली आणि त्याने मला ओढून रस्त्यावर घेतलं. मी आभार मानायला लागलो तर तो आधीच केबिनमध्ये चढला होता. "चल भाई, देर हो गई," म्हणाला आणि गेला.

रुवैसला गेटवर माझी वेळ टळून गेली होती. उद्या सकाळी या, म्हणाले. बायकोला उद्या येतो एवढंच कळवलं. तेवढ्यात मॅनेजरचा फोन. उशिराचं साइटवरून त्याच्या कानावर गेलं होतं.

"खलास. माल उतार के वापस आ. तेरी चेअर खाली है अभी."

रागावलेला नव्हता. खरंच चांगल्या मनाने बोलत होता, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी माल उतरवून घरी पोचलो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत वाळल्या मिठाने पांढरी झाली होती. बायको दारातच थांबली. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मॅनेजर खुर्ची द्यायला तयार आहे, हेही.

तिने वाकून पँटवरचं मीठ नखाने खरवडून पाहिलं. "मला भीती वाटते," म्हणाली. "पण तुम्ही ऑफिसातून यायचात तेव्हा हॉलमध्ये येरझारा घालायचात. ते बघून मला चक्कर यायची. दोन्हीतलं काय बरं, ते तुम्हीच ठरवा. मला नका विचारू."

मुलगी म्हणाली, "डिड यू गेट लॉस्ट?"

"थोडासा," मी म्हणालो.

सकाळी मी मॅनेजरला सांगितलं, खुर्ची दुसऱ्या कोणाला द्या. त्याने पेन टेबलावर वाजवलं. मग म्हणाला, काही दिवस पुन्हा पठाणाबरोबर जायचं, नंतर बघू. इन्शाल्ला म्हणाला नाही.

महिन्याभरात नवा स्टोअरकीपर आला. शांत माणूस आहे, जेवायच्या सुट्टीतही जागचा हलत नाही. मला अजून रांगेत झोप येत नाही. घरी सोफ्यावर बसलो तरी खोली पुढे सरकते आहे असं वाटतं आणि पाय ब्रेक शोधतो. उद्या मला एकट्याला फुजैराची खेप दिली आहे. तो डोंगराचा रस्ता मी एकट्याने कधी चालवलेला नाही. बायकोने डब्याला काय देऊ विचारलं, मी दोन वेळा वेगवेगळं सांगितलं, आणि आता पट्टे पुन्हा बघून येतो म्हणून खाली उभ्या केलेल्या ट्रेलरकडे उतरलो आहे.