सायन मंगळ, निरयन मंगळ

पत्रिका बघणाऱ्या लेलेकाकूंचं बोट माउसवर थांबलं होतं आणि मी त्या बोटाकडेच बघत होते. पत्रिका मीच एका परदेशी अ‍ॅपवरून काढून आणली होती. तिच्यात मंगळ सातव्या, म्हणजे लग्नाच्या घरात होता, आणि मी निवडलेल्या मुलाच्या घरी मंगळ असलेली सून चालणार नव्हती. आई दोन दिवस नीट जेवली नव्हती.

"अगं शहाणे, ही सायन पत्रिका," काकू म्हणाल्या. "ते राशी मोजतात वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो तिथून. आपण निरयनवाले, ताऱ्यांपासून मोजतो. चोवीसेक अंशांचा फरक पडतो."

बोटानं एक टिचकी मारली. मंगळ मागे सरकून सहाव्या घरात बसला.

"मग मंगळ नाही?" आईनं विचारलं.

"नाही."

कुणाकडे पाणीही न मागणारी माझी आई म्हणाली, "चहा टाकता का हो थोडा?"

आकाशात काहीच हललं नव्हतं. माझ्या जन्मवेळी तो तांबूस ठिपका जिथे होता, तिथेच होता; मोजायला सुरुवात कुठून करायची, एवढंच बदललं होतं. शाळेत माझ्या गप्प राहण्याला बाई घुमेपणा म्हणायच्या, घरी तोच समजूतदारपणा ठरायचा. मी दोन्हीकडे तेवढीच गप्प असायचे.

मी हे असलं काही मानत नाही, असं त्या मुलाला ठामपणे सांगत आले होते. जिना उतरता उतरताच त्याला फोन लावला, आणि शब्दांच्या आधी मला हसूच फुटलं.