वाढवलेले दहा अंश

दवाखान्याच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीला लागून एक लांबट खोली आहे. दोन पलंग, धरून चालायचे दोन दांडे आणि खिडकीशी एक टेबल. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात. आखडलेला सांधा मोकळा करायचं काम या खोलीतल्या बाईंचं. सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या. अंगाने किरकोळ, पण त्यांनी पाय हातात घेतला की भलेभले गयावया करत.

गुडघा किती वाकतो ते बाई एका घडीच्या पट्टीने मोजत. आलेला आकडा कार्डावर जसाच्या तसा लिहीत आणि पेशंटला सांगताना त्यात दहा अंश वाढवून सांगत.

ही सवय त्यांना नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लागली. एक बसड्रायव्हर होता. तीन आठवडे दात-ओठ खाऊन व्यायाम केल्यावर त्याने विचारलं, "किती झाले?" बाईंनी सांगून टाकलं, "अडतीस. गेल्या आठवड्याइतकेच." चप्पल घालून गेला तो पुन्हा फिरकला नाही. वर्षभराने तो बाईंना बाजारात दिसला. पाय ओंडक्यासारखा ताठ, एका हातात काठी. त्यानंतर बाईंनी अडतीसला अडतीस कधी म्हटलं नाही.

नवऱ्याला हे ठाऊक होतं. "भाजीत मीठ किती पडलंय विचारलं तरी मला मनात वजाबाकी करावी लागते," तो चिडवायचा.

"माणसं चालायला लागतात ना? मग झालं," बाई म्हणायच्या. आणि माणसं चालायला लागत, हे खरंच होतं.

मग एक शिंपी आले. सगळे त्यांना मास्टर म्हणत. वरच्या फळीवरून कापडाचा तागा काढताना स्टुलावरून पडले आणि गुडघ्याची वाटी फुटली. प्लॅस्टर निघाल्यावर बाईंकडे आले, आल्या आल्या विचारलं, "मशीनवर कधी बसता येईल?"

"दिवसभर पायडल मारायचं तर पंच्याण्णव अंश हवेत. आज पन्नास आहेत," बाई म्हणाल्या आणि कार्डावर चाळीस लिहिलं.

मास्टर चिवट निघाले. बायको सोबत यायची आणि भिंतीशी बाकावर बसून राहायची. "ताई, घरी दिवसभर पाय हलवतात आणि माझं डोकं खातात," ती म्हणायची.

"तुझ्या डोक्याने पोट भरत नाही, म्हणून तर दुकान उघडायचंय," मास्टर पलंगावरून म्हणायचे.

नवव्या आठवड्यात, शुक्रवारी, पट्टीवर पंच्याऐंशी दिसले. बाई सवयीने म्हणून गेल्या, "पंच्याण्णव."

मास्टर ताडकन उठून बसले. "म्हणजे झालं की. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत." मग बायकोकडे वळून म्हणाले, "शाळेला आजच कळव. पन्नास गणवेश, पंधरा दिवसांत देतो म्हणावं. सोमवारी कुलूप काढू."

तो आकडा आपणच दिला होता, हे बाई साफ विसरल्या होत्या. गप्प बसावं असं एकदा त्यांच्या मनात आलं. स्टूल थोडं उंच घेतलं तर चालूनही जाईल. पण या गुडघ्याने दिवसभर पायडल मारलं तर दोन दिवसांत तो भोपळ्याएवढा सुजेल आणि नऊ आठवड्यांची मेहनत पाण्यात जाईल, हेही त्यांना दिसत होतं. गणवेश अर्धवट राहिले तर शाळाही पुन्हा मास्टरांच्या दारात येणार नव्हती.

"मास्टर, पंच्याण्णव नाहीत. पंच्याऐंशी आहेत."

"मोजताना चुकलं?"

"नाही. मी वाढवून सांगते. सगळ्यांनाच. धीर यावा म्हणून."

बाईंनी कार्ड पुढे केलं. मास्टरांनी चष्मा लावून एकेका आकड्याखालून बोट फिरवलं.

"मीही गिऱ्हाइकाला म्हणतो, हा रंग तुम्हाला काय खुलतो. पोट सुटलेल्याला म्हणतो, कापड आटलंय. पण टेप लावल्यावर छत्तीसचे चौतीस म्हणत नाही, बाई. तिथे कापड वाया जातं."

"खरे आकडे सांगितले असते तर नऊ आठवडे टिकला असतात?"

"नसतोही टिकलो. पण ते मी बघितलं असतं. तुम्ही मला विचारलंच नाहीत."

बाईंनी पट्टी मिटून टेबलावर ठेवली. बाकावरून बायको म्हणाली, "पन्नास नको, पंचवीस घेऊ. तुम्ही उभ्याने कापा, मी मशीनवर बसते."

"तुझी शिलाई सरळ येते का?"

"तुमच्या गुडघ्याइतकी सरळ येते."

पंचवीस गणवेश वेळेवर गेले. उरलेले शाळेने दुसऱ्या शिंप्याला दिले. मास्टर आणखी पाच आठवडे येत राहिले. दर वेळी मान वाकवून पट्टी स्वतः वाचायचे आणि तोच आकडा कार्डावर लिहिला जातोय का ते बघायचे. शहाण्णव झाले त्या दिवशी त्यांनी बायकोलाही बोलावून वाचायला लावलं. मग बाईंना नमस्कार केला आणि दुकानाकडे गेले.

नव्या पेशंटला बाई आता पहिल्याच दिवशी विचारतात, आकडा ऐकायचा आहे का. निम्मे जण नको म्हणतात. त्यांना त्या नुसतं "चांगलं चाललंय" म्हणतात, आणि चाललेलं नसलं तरी म्हणतात.