विल्यमच्या शिळेवरचे वाक्य

हे मी पत्नीलाही कधी सांगितले नाही. आता ती नाही. तुम्ही आहात, म्हणून सांगतो.

निवृत्तीनंतर मी नेपरव्हिलजवळच्या एका लहान गावातील संग्रहालयात विनावेतन काम करू लागलो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात त्या गावची मुले लढली. त्यांनी घरी धाडलेली पत्रे तिथे आहेत. अक्षराला अक्षर जोडलेले ते इंग्रजी वळण आता तरुणांना वाचता येत नाही. माझी नात पत्र उलटे धरून म्हणाली होती, ‘आजोबा, हे रीड कसं करता तुम्ही?’ मी शाळेत चार रेघांच्या वहीत तोच कित्ता गिरवला होता. म्हणून मी वाचत असे आणि बाकीचे ऐकत. पडताळणार कोण?

हेलन दर आठवड्याला येई. वय झालेले, दृष्टी अधू. विल्यम तिच्या पणजोबांचा भाऊ. तो युद्धातून परतला नाही. त्याचे शेवटचे पत्र मी आधी मनात वाचले — आणि थांबलो. लढाईत गावच्याच जखमी टॉमसला जिवंत सोडून आपण पळालो, असे त्याने आईला लिहिले होते. पुढे होते, ‘त्याच्या आईला हे तू सांग. मला तिला लिहवत नाही.’

‘काय म्हणतोय आमचा विल्यम? इतकं वाईट अक्षर आहे का, मिस्टर देव?’ हेलन हसत होती.

काय सांगितले मी? माझे वडील प्रत्येक पोस्टकार्डावर — अगदी अंथरुणाला खिळल्यावरही — जे लिहीत, तेच इंग्रजीत म्हणालो. इकडे सर्व क्षेम आहे, काळजी नसावी.

ती दया होती का? नव्हे. तिचे हसू मावळताना पाहण्याचे धैर्य मला नव्हते — एवढेच.

हेलनने ते वाक्य विल्यमच्या नव्या स्मृतिशिळेवर कोरून घेतले. अनावरणाला मला पहिल्या रांगेत बसवले. टॉमसच्या घराण्यातली माणसे शेजारी होती. त्यांच्या बोलण्यावरून कळले, निरोप त्या घरी कधी पोहोचलाच नव्हता — म्हणजे विल्यमची आईही गप्प राहिली असावी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

गेल्या हिवाळ्यात हेलन वारली. त्यानंतर मी पत्राची शब्दशः टाइप केलेली नक्कल टॉमसच्या भावाच्या पणतूच्या हाती दिली. त्याने ती दारातच वाचली, घडी घातली आणि दार लावून घेतले.

विल्यमने आपला भ्याडपणा स्वतःच्या हाताने लिहिला होता. मी तो लपवला. शिळेवर नाव त्याचे आहे. वाक्य माझ्या वडिलांचे.