बांधावरचा खंजीर

हैसम बिन अतीकला आपण ओळखत होतो, असं म्हणायला नाजीची जीभ रेटत नाही. वीस वर्षं एका वस्तीत काढली; पण हैसमला मुलं किती झाली नि जगली किती, हेही त्याला धड सांगता येणार नाही. नाजी सुलतानाच्या कचेरीतला भिडस्त कारकून, आणि हैसम पाटावरचा माणूस.

हैसम पाण्याच्या पाळ्या राखायचा. डोंगरात पाऊस झाला की वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या नदीला, लोंढा येई. वरच्या शेतांत गुडघाभर पाणी साचलं की हैसम हाक देई, मगच बांध फुटे आणि पाणी खाली सुटे. सुलतानाच्या आजोबांनीही हैसमच्या आजोबांच्या हाकेची वाट पाहिली होती.

इंग्रजांशी संरक्षणाचा करार झाल्यापासून सुलतानाला तोफांची सलामी मिळे. हुकूम मात्र अदनच्या इंग्रज ठाण्यातून येत. त्या वर्षी हुकूम आला, आधी पाणी खालच्या नव्या कापसाला. म्हणजे वरच्या चाळीस घरांची ज्वारी गेलीच.

लोंढा सकाळीच आला. गोरा अधिकारी शिपाई घेऊन बांधावर हजर. नाजीने शिक्क्याचा कागद वाचून दाखवला.

"झालं?" हैसम म्हणाला. "छान वाचतोस. आता पाण्याला वाचून दाखव."

त्याने कमरेचा खंजीर सोडला, म्यानासकट बांधावर आडवा ठेवला आणि त्यामागे मांडी घालून बसला. असा खंजीर ठेवला की पंचांचा निवाडा होईपर्यंत तो कुणी ओलांडायचा नसतो. शिपाई जागीच थबकले.

"काका, उठा की. आमची नोकरी जाईल," एक शिपाई म्हणाला.

"जाऊ दे. माझ्याकडे गाढवाची जागा रिकामी आहे."

एक जण फिसकन हसला. अधिकाऱ्याला ही रीत कुठली ठाऊक? तो सरळ खंजीर ओलांडून पलीकडे गेला आणि शिपायांवर ओरडला. शिपायांनी फावडी खाली ठेवली. मग त्याने स्वतःच चार घाव घातले. दोन पुरुष उंचीचा बांध, ढेकूळही हललं नाही. त्याचा बूट मात्र चिखलात रुतला. तो ओढून काढायला शेवटी हैसमनेच हात दिला. खंजीर काही हलवला नाही.

दुपारी वरच्या शेतांत गुडघाभर पाणी झालं. तेव्हा हैसम उठला आणि त्याने हाक दिली.

आठवड्याने त्याला कामावरून काढल्याचं पत्र निघालं. अक्षर नाजीचंच. पाटावर परगावचा माणूस नेमला. तो घसा फोडून हाक देई आणि लोक हैसमच्या घराकडे बघत बसत. मग तोही मुकाट्याने हैसमलाच विचारून येऊ लागला.

हैसम तापाने गेला, त्याच्या चार दिवस आधी नाजी त्याच्या दारात उभा होता. माफी मागायची होती. तोंडातून निघालं भलतंच.

"काका, उद्या पाळी कुणाची?"

"विहिरीपलीकडच्यांची. उभा का? ये, कॉफी होतेय."

"नको. कचेरीत जायचंय."

"बरं. मग सावलीसावलीने जा."