आलुबोंड्याचा गुरुवार

संक्रांतीनंतरच्या पहिल्या गुरुवारी आमच्या घरातून आर्वीच्या बस स्टँडवर आलुबोंड्यांचा डबा जातो. वर्ध्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीचा ड्रायव्हर आणि कंडक्टर ते बोंडे खातात, हात धुतात, आम्हाला नमस्कार करतात आणि गाडी निघून जाते. लग्न होऊन या घरी आले त्याच वर्षी सासूबाईंनी मला अंधारात उठवून बटाटे सोलायला बसवलं होतं. नव्या सुनेनं येता-जाता 'का' विचारू नये एवढं मी माहेरहून शिकून आले होते, म्हणून विचारलं नाही. पुढे सवय झाली. सासूबाई गेल्या, तरी मी बोंडे करत राहिले.

प्रश्न आला तो मुलीच्या शाळेतून. ती पाचवीत होती आणि परिपाठात दिनविशेष वाचायचं काम तिच्याकडे होतं. बाईंनी सांगितलं होतं, नुसता दिवस सांगू नका, तो कसा सुरू झाला तेही सांगा. मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी फोन घेऊन बसायचो. चिमण्यांचा दिवस, हसण्याचा दिवस, हात धुण्याचा दिवस. कधी एकाच तारखेला तीन-तीन दिवस, तर कधी एकच दिवस दोन वेगळ्या तारखांना. मुलींचा दिवस तर इतक्यांदा यायचा, की शुभेच्छा देऊन झाल्या की राहिल्या हेच मला कळायचं नाही.

"आई, हे ठरवते कोण?" मुलीनं विचारलं.

"असन कोठीतरी मोठं ऑफिस," मी म्हणाले. मला स्वतःलाच ते पटलं नाही.

जानेवारीत बाईंनी वर्गाला वेगळंच विचारलं. कॅलेंडरात नाही, फोनमध्ये नाही, असा एखादा दिवस कुणाच्या घरी असतो का? आमची उभी राहिली आणि तिनं आलुबोंड्यांचा गुरुवार सांगून टाकला. कसा सुरू झाला, असं बाईंनी विचारल्यावर म्हणाली, आईले इचारून सांगतो.

मी नवऱ्याला विचारलं. बाजार समितीजवळ आमचं बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान आहे. तो पोत्यांचा गठ्ठा बांधत होता. "मी लहानपणापासून डबा धरतो," तो म्हणाला. "काऊन धरतो ते नाई माहीत. बाबाले इचार."

सासऱ्यांना आमच्याकडे सुना मामाजी म्हणतात. मामाजींनी चहाची बशी खाली ठेवली आणि जराही न अडखळता सांगितलं, "अवं, मोठी पोरगी लहान होती तवा तिले ताप भरलता. डोळे फिरवले तिनं. ड्रायव्हरनं गाडी कोठीच थांबवली नाई, सीधी वर्ध्याच्या दवाखान्यात नेली. म्हणून हा दिवस."

मला ते ऐकून भरून आलं. मुलगी लिहायला बसली. मी कारंज्याला नणंदबाईंना फोन लावला, म्हटलं ताईंना सांगावं, तुमच्यामुळे हे सगळं चालू आहे. ताई हसायलाच लागल्या.

"मले? मले असा ताप कधी आला वो? आईनं तं मले वेगळंच सांगतलं होतं. नवी नवरी होऊन येताना तिची पेटी बसमध्ये राह्यली, आन् कंडक्टरनं दुसऱ्या दिवशी घरी आणून देली."

फोन स्पीकरवर होता. मामाजी तिथूनच ओरडले, "कायची पेटी? आपली वरात ट्रकनं आलती! बस कोठून आली मंधात?"

"मंग तुमी इचारा न आईले," ताई बोलून गेल्या आणि गप्प झाल्या. मुलीनं लिहिलेलं खोडलं.

गुरुवार आला. मी आणि मामाजी डबा घेऊन स्टँडवर गेलो. त्या गाडीवर आता एक तरुण बाई कंडक्टर आहे. तिनं बोंडा संपवला तेव्हा मी धीर करून विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत आहे का, आम्ही हा डबा का आणतो?"

ती गोंधळली. "तुम्हीच मला विचारता? आम्हाला डेपोत आधीपासून सांगून ठेवलेलं आहे. या दिवशी एक घर डबा घेऊन येते. नाही म्हणायचं नाही, तारीफ करायची नाही, हसायचं नाही. गुपचूप खायचं."

"हसायचं का नाही?"

तिनं आवाज खाली आणला. "दुःखाचा दिवस आहे ना तुमचा."

मी मामाजींकडे पाहिलं. ते कंडक्टरकडे पाहत होते. हे तिला कुणी सांगितलं, तर या गाडीवर पुष्कळ वर्षं कंडक्टर असलेल्या एका काकाजींनी. ते आता रिटायर होऊन पवनारला राहतात. ती हे सांगत असतानाच मामाजी गाडीत चढले आणि खिडकीजवळ जाऊन बसले. "चाल," मला म्हणाले. मी रिकामा डबा मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसले. घरी फोन करून सांगितलं तेव्हा गाडी गावाबाहेर पडली होती.

वर्ध्याला गाडी बदलली. पवनारला पानठेल्यावर विचारलं, तर घर लगेच सापडलं. काकाजी अंगणात तूर वाळत घालत होते. मामाजींना पाहताच त्यांनी ओळखलं. हात धुतले, पुसले, जोडले, आणि चेहरा अगदी सुतकी केला.

"या. आजच दिवस आहे न? गेलेलं माणूस विसरल्या जात नाई, बराबर आहे."

"कोण गेलं?" मामाजी म्हणाले.

"म्हणजे... ज्याचा दिवस करता तुमी, ते."

"आमच्या घरचं त्या दिवशी कोणी नाई गेलं बा."

काकाजी बाजेवर बसले. आत स्टीलच्या ग्लासांत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग त्यांनी आठवून आठवून सांगितलं. पहिल्या वेळी सासूबाई एकट्याच आल्या होत्या. गाडी सुटायच्या बेतात होती. त्यांनी खिडकीतून डबा दिला.

"मी इचारलं, बाई, काऊन देऊन राह्यल्या? तं त्या म्हणल्या, आज दिवस आहे. मले वाटलं, घरच्या कोण्या गेलेल्या माणसाचा दिवस केला असन. त्या जेवणाले नाई कसं म्हणाव? आमी खाल्लं. पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. आता मंधातच इचारणं बरं दिसते का?"

पाणी घेऊन आलेल्या काकू दारातच थांबल्या. "दिवस आहे म्हणल्या, का दिवस आहेत म्हणल्या?"

मी डबा उगाच या हातातून त्या हातात घेतला.

"इंजन सुरू होतं," काकाजी हळूच म्हणाले. "मले 'दिवस' तेवढं ऐकू आलं."

मामाजी बोटांवर मोजायला लागले. मोठी मुलगी पोळ्याच्या आसपास जन्मलेली. "जमते," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "नाई जमत." कारण पहिला डबा कोणत्या वर्षी आला हे ना त्यांना ठाऊक होतं, ना काकाजींना. काकाजी म्हणत होते, तवा माझं लग्न व्हायचं होतं. काकू म्हणत होत्या, अहो, मी तुमचा डबा बांधून देताना तुमीच म्हणले होते, आज नको, आर्वीले बोंडे भेटते.

"पण घरी सांगायच्या आधी कंडक्टरला कोण सांगेल?" मी विचारलं.

"सांगते बाया," काकू म्हणाल्या. "समोरची सीट पाह्यजे असते, मांगं गचके बसते. यांनीच देली असन सीट."

"आन् मंग दरवर्षी काऊन?" मामाजींनी विचारलं.

काकू पानं घ्यायला उठल्या. त्यांनी आम्हाला जेवू घातलं. निघताना काकाजी मामाजींना म्हणाले, "म्हणजे इतके वर्षं आमी उगाच तोंड पाडून खाल्लं. बोंडे लय चांगले राहत, पण सांगता नाई आलं कधी."

परतीच्या गाडीत मामाजी बराच वेळ बाहेर पाहत होते. मग माझ्याकडे न वळताच बोलले, "ती तळाले बसली का मी एक बोंडा उचलून तोंडात टाको आन् दुकानात जाओ. इचारलं असतं तं सांगतलं असतं तिनं. मले वाटलंच नाई इचाराव म्हणून."

"मग तापाचं कुठून आलं, मामाजी?"

"तेच तं समजून नाई राह्यलं. मले ती पळती गाडी अजून दिसते, बाई. पोरीचं डोकं मांडीवर आहे. पण मोठीले ताप नव्हता म्हणते, तं मंग कोणाची पोरगी होती ते?"

गाडीत गर्दी होती. मी त्यांचा मफलर नीट केला.

मुलीनं शाळेत सगळं सांगितलं. काकूंचं तेवढं सांगू नको म्हटलं होतं, तेही सांगितलं. बाईंनी विचारलं, यातलं खरं कोणतं? ती म्हणाली, अजून ठरलं नाही. वर्गानं टाळ्या वाजवल्या म्हणे. कशाबद्दल, ते तिलाही नीट सांगता आलं नाही.

यंदाच्या गुरुवारी कारंज्याहून ताई मुद्दाम आल्या. कंडक्टरला आता सगळं कळलेलं होतं. तिनं मोठ्यानं हसत बोंडे खाल्ले, चटणी मागून घेतली, ड्रायव्हरनंही तारीफ केली. मला ते बरं वाटत होतं आणि खटकतही होतं. मामाजी मात्र हात जोडून एका बाजूला उभे होते. "इतकं हसाचं काय काम आहे?" माझ्या कानाशी पुटपुटले. काकाजींचं म्हणणंच त्यांना आता खरं वाटायला लागलं होतं, की दुसरंच काही मनात होतं, मी विचारणार होते. तेवढ्यात ताईंनी बोंडा फोडून वास घेतला.

"यात ओवा नाई टाकला तुमी. आई ओवा टाके."

"नव्हती टाकत," मामाजी म्हणाले.

"टाके, बाबा."

दोघंही माझ्याकडे वळले. वर्षानुवर्षं कढईशेजारी बसून मी सासूबाईंना सारण मळून दिलं होतं. ओवा होता की नव्हता, मला काही केल्या आठवेना.