तिकडे गेल्यावर

कुवेतमध्ये माझ्या ओळखीची सगळ्यात शहाणी बाई कोण असं विचारलंत तर मी शरीफाचं नाव घेईन. आणि सगळ्यात वेडी कोण विचारलंत तरी तिचंच. आता ती इथून गेली, तर बोलायला मोकळी आहे मी. समोर असतानाही काही कमी बोलले नाही म्हणा. मी परभणीची, आमच्याकडं तोंड आधी चालतं.

शरीफा डायलिसिसची नर्स, मी त्याच हॉस्पिटलात लॅबमध्ये. मूळची ती दाभोळची. जिची शीर कुणाला सापडत नाही अशी म्हातारी कुवेती बाई आली, की सगळे शरीफाला हाक मारायचे. घर सबाह अल-सालेमला, नवरा तौफीकभाई स्पेअर पार्टच्या दुकानात, सासू जमिलाखाला आणि एकुलती एक पोरगी हिबा. गोड माणसं. खालांच्या हातची सांदणं खाल्ली नाहीत तर जन्म फुकट गेला समजा.

हिबा नऊ वर्षांची असताना शरीफानं अमेरिकेची नर्सिंगची परीक्षा दिली, पहिल्या झटक्यात पास झाली, आणि तिकडच्या एका हॉस्पिटलनं तिच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज भरला. अर्ज मंजूरही झाला. आम्ही पेढे खाल्ले. मग कळलं, मंजूर होणं वेगळं आणि नंबर लागणं वेगळं. दर महिन्याला तिकडून एक तारीख जाहीर होते. तुमच्या अर्जाची तारीख तिच्या आधीची असली तरच तुम्हाला बोलावणं. भारतीयांची रांग ही लांब. तारीख कधी आठवडाभर पुढं सरकायची, कधी सहा महिने हलायची नाही, आणि कधी चक्क मागं जायची. मागं! मी म्हटलं, "अगं, एसटीसुद्धा अशी मागं जात नाही." ती हसली. तेव्हा हसायची.

तेव्हापासून त्या घरात एकच पालुपद सुरू झालं. "तिकडे गेल्यावर." वॉशिंग मशीन कपड्यांऐवजी फरशीच जास्त धुवायचं, पण नवं घ्यायचं नाही, तिकडे गेल्यावर. सोफ्याचा पाय मोडला, त्याखाली तौफीकभाईंनी वीट ठेवली. हिबाचे दात पुढं होते, तार बसवायची होती, तर ती तिकडेच बसवू म्हणे, दोन वर्षांची ट्रीटमेंट अर्धवट कशाला सोडायची. आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा म्हणजे बारावीनंतर पोरीला इथल्या कॉलेजात घातलं नाही. त्या वर्षी तारीख चांगली सरकत होती. "आता कशाला प्रवेश घ्यायचा, ताई? सहा महिन्यांत निघू." दोन वर्षं ती पोर घरात बसून लॅपटॉपवर कसले कसले कोर्स करत होती. मैत्रिणी पुढं गेल्या, हिची खोली तीच आणि खुर्ची तीच.

तौफीकभाईंचा धाकटा भाऊ यूसुफ इंजिनिअर. त्यानं अर्ज केला तो शरीफानंतर चार वर्षांनी. आणि दोन वर्षांत गेलासुद्धा, बायकोपोरांसकट! पासपोर्ट भारताचा, आडनाव तेच, मग हा मागून येऊन पुढं कसा गेला? मी त्या शुक्रवारी त्यांच्याकडे जेवायला होते. तौफीकभाईंनी यूसुफला फोन लावला, स्पीकरवर, खाला शेजारीच मासळी साफ करत बसलेल्या.

यूसुफ म्हणाला, "भाईजान, पासपोर्टचं काही नाही. जन्म कुठे झाला त्यावर रांग असते. मी कुवेतमध्ये जन्मलो, म्हणून मी कुवेतच्या रांगेत. तिथे गर्दीच नाही. आणि नवरा-बायकोत एकाचा जरी जन्म कुवेतचा असला तरी दोघांना चालतं. तुम्ही हर्णैला जन्मलात ना..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. झालं होतं असं, की खाला लग्न होऊन कुवेतला आल्या आणि वर्षभरात दिवस गेले. इथं मॅटर्निटी हॉस्पिटल होतं, नवरा होता, सगळं होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे! सातव्या महिन्यात त्यांच्या आईनं सांगावा धाडला, आणि ही पहिलटकरीण बोटीनं मुंबईला, तिथून एसटीनं धक्के खात हर्णैला गेली. तिथं तौफीकभाई झाले. सव्वा महिना उलटल्यावर बाळाला घेऊन परत कुवेत. पुढची तिन्ही पोरं इथंच झाली, कारण दुसऱ्या-तिसऱ्याला कोण जातंय माहेरी? म्हणजे ज्यानं आयुष्य इथं काढलं, इथल्या शाळेत शिकला, त्याच्या माथी हर्णै आलं ते या सव्वा महिन्यापायी.

खालांच्या हातातली सुरी थांबली. "माझ्यामुळं?" त्या म्हणाल्या. "मी आईकडं गेले म्हणून?"

शरीफा पटकन म्हणाली, "अम्मी, असं काही नाही हो. सगळ्याच जायच्या." बोलली खरं, पण सासूकडं बघितलं नाही तिनं. आणि मी तिला ओळखते, त्या दिवशी तिला राग आला होता. कुणावर काढणार? बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईवर? मी स्वतः दोन्ही वेळा परभणीला गेलेय, आईच्या हातचे डिंकाचे लाडू खाल्लेत आणि सव्वा महिना पाय खाली टेकवला नाही. चूक म्हणायची तरी कुणाची!

खरा घोर वेगळाच होता. मूल एकवीसच्या आत असलं तरच आईबापाच्या अर्जावर जाऊ शकतं. थोडीफार सूट मिळते, पण थोडीच. यूसुफचा फोन आला तेव्हा हिबा पंधराची होती. मग सोळा, अठरा, वीस. पोरीचा वाढदिवस आला की आईचं तोंड उतरायचं, हे मी त्याच घरात बघितलं. विसावा वाढदिवस तर तिनं करूच दिला नाही, ड्युटी आहे म्हणाली. कसली ड्युटी? रजेवर होती. माझ्याकडं येऊन स्वयंपाकघरात रडत बसली.

एकविसावं उलटलं. आणि मग आलं बोलावणं. सूट वजा करूनही हिबा दोन महिन्यांनी बाद. वकिलानं आधीच सांगितलं होतं, तरी शरीफा पोरीला घेऊन एम्बसीत गेली. मुलाखत घेणारी बाई चांगली होती म्हणे, आवाज न चढवता बोलली. तुम्हा दोघांचा व्हिसा मंजूर. मुलीचा नाही. तुम्ही तिकडे पोचल्यावर तिच्यासाठी वेगळा अर्ज करू शकता. शरीफानं विचारलं, किती वेळ लागेल? आठ-नऊ वर्षं, जास्तही लागतील. आणि एक अट: तोवर मुलीनं लग्न करायचं नाही. लग्न झालं की तो अर्ज रद्द.

हे तिनं मला हॉस्पिटलच्या जिन्यात सांगितलं. मी भडकले. "लावा त्या व्हिसाला काडी! सगळे मिळून दाभोळला जा. पोरीला सोडून कसली अमेरिका?"

"ताई, इथं तरी काय राहिलंय?" ती म्हणाली. तेही खरंच होतं. हॉस्पिटलनं तिचा करार पुढं वाढवला नव्हता. तौफीकभाईंच्या दुकानाचा मालक बदलला, नवा त्यांचा अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, वाढवून द्यायला तयार नव्हता, आणि बापाचा अकामा गेला की पोरीचा आणि आजीचा आपोआप गेला. "दाभोळला गेले तर बारा वर्षं पाण्यात. गेले तरच तिची फाईल लावता येईल. मी गेलेच नाही तर तिला कुणीच नेणार नाही."

"बारा वर्षं थांबलीस, आता तिला थांबवतेस?"

"मग काय करू? तूच सांग ना, काय करू!" केवढ्यांदा ओरडली. वरच्या मजल्यावरची फिलिपिनो नर्स वाकून बघायला लागली. लोक आगीतून फुफाट्यात पडतात. हिच्या पुढं दोन्हीकडं आगच होती.

तोडगा खालांनी काढला. यूसुफ त्यांना आपल्याकडं बोलवत होता, त्या नाही म्हणाल्या. "पोरीला घेऊन मी जाते दाभोळला. माझ्यापासनं सुरू झालंय, मीच निस्तरते." सत्तरीची बाई. अर्धशतक कुवेतमध्ये काढलेलं, सासरही दाभोळचंच पण त्या घराला कुलूप, गुडघे गेलेले. आणि त्या पोरीला तरी दाभोळ काय माहीत? सुट्टीतले पंधरा दिवस, तेही डास चावतात म्हणून कुरकुरत.

आधी हिबा आणि खाला निघाल्या, शरीफा आणि तौफीकभाई पंधरवड्यानं निघणार होते. मी विमानतळावर गेले. तौफीकभाई सामान बांधलेल्या दोऱ्या पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. आत जायची वेळ झाली. शरीफानं हिबाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, आता दुवा देईल, नीट राहा म्हणेल, आजीला जप म्हणेल. आई आणखी काय म्हणते?

ती म्हणाली, "हिबा, ऐक. फाईलचा नंबर लागेपर्यंत निकाह नाही. कुणी आवडला तरी नाही. कुणाच्या दबावाला बळी पडायचं नाही. मला वचन दे."

खालांनी मान फिरवली. नातीचं लग्न बघायचं, याखेरीज त्या बाईनं अल्लाहकडं दुसरं काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं.

हिबा म्हणाली, "मम्मी, आय विल बी थर्टी. ऑर मोअर."

"असू दे. तीस म्हणजे काय म्हातारी होतेस?"

"अँड इफ आय गेट टायर्ड?"

"मी नाही का थांबले तुझ्यासाठी?" शरीफाचा आवाज फुटला. "बारा वर्षं थांबले ना?"

पोरगी आईकडं बघत राहिली. रागानं नाही, आपण पेशंटकडं बघतो तशी. "आय नो, मम्मी. आय वॉज देअर," ती म्हणाली, आणि वचन न देताच आजीचा हात धरून आत गेली.