दार नको, गच्ची सांगा

रुवैदाच्या आईला विचाराल तर पोरगी शाळेत काही शिकलीच नाही. गणितात काठावर, इंग्रजीत काठाच्याही खाली. भूगोलात मात्र पहिली. पण भूगोलाचं काय लोणचं घालायचंय? भूगोलाच्या नवालबाई तर आईच्या डोळ्यांत खुपायच्याच. अकरावीच्या मुलींना पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून डोंगरउतारावरच्या सल्त गावच्या चढ-उतारांवर भर उन्हात फिरवायच्या. कुठलं अंगण कुठल्या पायरीच्या उंचीला ते मापायचं, नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा ओढायच्या, आणि वर घरोघर जाऊन लोकांना प्रश्न विचारायचे. उत्तर वेडंवाकडं आलं की बाई म्हणायच्या, "माणसाला दोष देऊ नका. तुम्ही विचारलंत काय, ते आधी सांगा."

"पोरीला शिकायला पाठवलंय की गवंड्याच्या हाताखाली?" आई करवादायची.

शाळा संपल्यावर दोन वर्षं रुवैदा घरात भात भरायची वांगी कोरत बसली. मग अबू खलदूनच्या टँकरच्या कचेरीत फोन घ्यायला कुणीतरी हवं होतं, तिथे गेली.

"गुरुवारपर्यंत बघतो," अबू खलदून म्हणाला. "उपयोग दिसला तर राहा, नाहीतर आपल्या घरी."

गावात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. मध्येच कुणाकडे लग्न निघालं की टँकरच. आणि लोक पत्ता सांगणार तो असा: "मशिदीवरून वर, पूर्वी अर्मेनियन शिंपी बसायचा तिथून डावीकडे, निळं दार." शिंपी जाऊन तीस वर्षं झाली, दार आता हिरवं. टँकरवाला अबू दियाब खालच्या घोर खोऱ्यातला, सपाटीवरचा. त्याच्या गावात केळीच्या झाडापेक्षा उंच काही नाही. तो गाडी बोळात घुसवी, पुढे पायऱ्या, नळी अपुरी. मग शिव्या देत पाण्यासकट परत. तीन दिवसांत दोन घरं कोरडी राहिली, आणि खापर रुवैदाच्या डोक्यावर: "हिला पत्तासुद्धा नीट घेता येत नाही!"

बुधवारी तिने सगळे पत्ते पुन्हा वाचले. प्रत्येकाला तिने दारच विचारलं होतं. पाहुणा दारातून येतो, खरं आहे. पण पाणी जातं गच्चीवरच्या टाकीत! आणि सल्तमध्ये घरं एकमेकांच्या खांद्यावर बसलेली. दार एका रस्त्याला, तर गच्ची भलत्याच रस्त्याला टेकलेली.

गुरुवारी सकाळीच उम्म घानिमचा फोन. दुपारी मुलाचं लग्न, दोनशे माणसांचा मटण-भाताचा मन्सफ, आणि टाकीत खडखडाट.

"मावशी, तुमची गच्ची कुठल्या रस्त्याला लागून आहे?"

"माझी गच्ची तुला कशाला गं? चोर पाठवतेस का?"

"पाणी पाठवते."

"मग दाराशी पाठव, माणसांसारखं! मागे वरचा रस्ता आहे, पण तिकडून फक्त बकऱ्या येतात."

अबू खलदूनने कपाळाला हात लावला. "वरून? तीन किलोमीटरचा वळसा! पोरी, आज पाणी पोचलं नाही तर ती बाई मला अख्ख्या गावात तोंड दाखवू देणार नाही, आणि मी तुला या कचेरीत."

रुवैदाने शाळेतला नकाशा टेबलावर पसरला. त्या उताराच्या रेघा फणीच्या दातांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. "काका, रेघा इतक्या जवळ म्हणजे कडाच. रस्ता गच्चीच्या थेट डोक्यावर आहे. तीस हात नळी पुरते. पाणी आपणच उतरेल, पंपसुद्धा लावायला नको."

"हे शाळेत शिकवतात?"

"शिकवतात. मुलगे त्या तासाला झोपतात म्हणे."

अबू दियाब कुरकुरत निघाला. तासाभराने त्याचा फोन आला, तोंडात घास असावा. "टाकी काठोकाठ भरली! बाई जेवल्याशिवाय सोडत नाही. अर्ध्या तासाने येतो."

अबू खलदूनने रुवैदासमोर कॉफी सरकवली. आजवर ती आपली आपणच ओतून घेत होती.

"शनिवारी सातला ये," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "उशीर झाला तर पगार कापीन."

"आधी पगार किती ते ठरवा, काका," रुवैदा म्हणाली. "म्हणजे कापायला काहीतरी असेल."